बोहनीची उत्तरं

ताई, आधी एक सांगून टाकते. तू होतीस तोवर मी तुला ‘तुम्ही’ म्हणत होते. ज्याचा अभ्यास करतो त्याला मान द्यावा आणि थोडं अंतर ठेवावं, असं आमच्या गाईडनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि मी ते इमानेइतबारे पाळलं. आता तूच नाहीस, तर अंतर कुणापासून ठेवू? म्हणून आज तू म्हणते. राग आला तर सांगायला ये.

तुला जाऊन दोन आठवडे होत आले. अमरावतीत माझ्या टेबलावर तुझ्या नावाचे पाच फॉर्म पडले आहेत. ‘फेरीवाल्यांची उपजीविका आणि इंग्रजी शिकण्यामागची प्रेरणा’ हा माझा विषय, आणि त्यातलं तुझ्यावरचं प्रकरण पुढच्या महिन्यात द्यायचं आहे. प्रश्न क्रमांक चौदा: आपण इंग्रजी का शिकत आहात? चार फॉर्मवर चार वेगळी उत्तरं आहेत आणि पाचव्यावर उत्तरच नाही. अकोल्याच्या बसस्थानकाबाहेर हातगाडीवर फळं विकणारी, पन्नाशीला आलेली पंचफुलाबाई दर रविवारी भर धंद्याच्या वेळी गाडी शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून इंग्रजीच्या वर्गाला का जाते, एवढंच शोधायला मी दीड वर्ष येत राहिले. आता तू गेलीस आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आहे. मला तुझ्याबद्दल काय माहीत आहे आणि काय नाही, हेच कळेनासं झालंय.

आपली पहिली गाठ त्या वर्गातच पडली. विहाराच्या हॉलमध्ये तायडे सर, निवृत्त मास्तर, मोठ्या माणसांना फुकट इंग्रजी शिकवायचे. पंधरा-वीस जणांत तू पहिल्या रांगेत, पदर खोचून, पाठ ताठ. मी सगळ्यांना फॉर्म वाटले. तू तो दोन्ही बाजूंनी पाहिलास आणि माझ्या हातात परत ठेवलास. म्हणालीस, “इथं नाही. गाडीवर या. इथं मी शिकाले येते, सांगाले नाही.”

म्हणून मी गाडीवर येऊ लागले. शनिवारी अमरावतीहून आईकडे अकोल्याला यायचं आणि रविवारी सकाळी सातच्या आत तुझ्यापाशी. सकाळी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा निवांत बोलता येईल, हा हिशोब. गाईडनी या नियोजनाचं कौतुक केलं होतं. मलाही मी फार हुशार वाटले होते.

पहिल्या सकाळी तू जामांचा ढीग रचत होतीस. पेरूला आपल्याकडे जाम म्हणतात, हेसुद्धा पुण्यात सात वर्षं राहून मी जवळजवळ विसरले होते. मी फॉर्म काढला तर तू हातानंच थांबवलंस.

“आंदी बोहनी होऊ द्या, मॅडम. बोहनी होयेस्तोर मी माह्या पोरीशीबी बोलत नाही.”

मग काय, मीच अर्धा किलो जाम घेतले. दिवसाची पहिली नोट तू तराजूला लावलीस, कपाळाला लावलीस आणि म्हणालीस, “हं, विचारा आता.” पुढे दर वेळी हाच आपला रिवाज झाला. देवधर्म तू मानत नव्हतीस, घरात बाबासाहेब आणि बुद्ध यांच्याशिवाय तिसरा फोटो नव्हता, आणि बोहनी मात्र एवढी कडक! मी एकदा चिडवलं, “ताई, देव नाही मानत आणि बोहनी मानता?” तू लगेच म्हणालीस, “देव कोनं पाह्यला? बोहनी तं रोज पाह्यते मी.” तुझ्यापुढे मला बहुतेक वेळा काही सुचायचं नाही, आणि तायडे सर मात्र लोकांना माझी ओळख ‘विद्वान बाई’ अशी करून द्यायचे.

एकदा तू म्हणालीस, “मॅडम, तुमचा हात चांगला हाय. तुमी आल्या का सांजपावतर गाडी रिकामी होते.” हे वाक्य मी फॉर्मच्या समासात लिहून ठेवलं होतं. त्याखाली पेन्सिलीनं ‘विश्वास निर्माण झाला’ असंही लिहिलं होतं. आता ते वाचवत नाही.

चार उत्तरं चार हंगामांतली. जामांच्या दिवसांत म्हणालीस, “पुतण्याची पोट्टी इंग्रजी शाळेत हाय, तिचा अभ्यास घ्याले.” संत्री लागली तेव्हा म्हणालीस, “गिऱ्हाइकाशी बोलाले. आता कुठकुठले लोक येतेत.” उन्हाळ्याच्या तोंडाशी, टरबुजं आली तेव्हा, “मुन्शिपाल्टीचे कागद वाचाले. कोनी फसवाले नको.” आणि सीताफळांच्या वेळी, थोडं थांबून, “हिंमत येते माणसाले.” हे शेवटचं ऐकताच मी ‘आत्मविश्वास’ असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मग चारही उत्तरं एकाखाली एक मांडून एक तक्ता केला. कुटुंबापासून सुरुवात, मग व्यवसाय, मग हक्क आणि शेवटी स्वतः. ‘प्रेरणेचा प्रवास’ असं त्याला नावही दिलं. तक्ता इतका देखणा झाला की मी तो आईलाही दाखवला. आई म्हणाली, “बाई येवढी बदलली, अन् गाडी तिथंच हाय?” मी आईला म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही.

तू उत्तर देण्याआधी माझ्या तोंडाकडे पाहायचीस. क्षणभरच. मला वाटायचं, विचार करतेस.

शिकायचीस मात्र जिवापाड. सर दर आठवड्याला शब्द द्यायचे आणि तू ढीग रचताना फळागणिक एक शब्द म्हणायचीस. खालच्या थरात जुने शब्द, वर नवे. गिऱ्हाइकानं मधलंच फळ ओढलं की ढीग घसरायचा आणि तू ओरडायचीस, “पाडले ना सारे शब्द!” तो माणूस बिचारा गोंधळून आजूबाजूला पाहायचा. मग पुन्हा पहिल्यापासून रचणं आणि पुन्हा पहिल्यापासून पाठ. मी कॉलेजात शिकवते त्या वर्गात साठ मुलं आहेत. इंग्रजी का शिकता विचारलं तर नोकरी, परदेश, स्पर्धा परीक्षा, सगळ्यांची उत्तरं तयार, आणि एकाला धड चार वाक्यं बोलता येत नाहीत. तुझं उत्तर दर वेळी वेगळं, आणि तुला महिनोन्महिने जुना शब्द विचारला तरी यायचा. मला वाटतं, माझ्या प्रबंधाला तिथेच तडा गेला होता, पण मी तो दिसू दिला नाही. बांधकाम बरंच वर गेलं होतं.

आणि हे तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगते. संत्र्यांच्या दिवसांत तू मला उलट विचारलं होतंस, “अन् तुमी काहून शिकल्या इंग्रजी?” मी म्हटलं, “आवड होती.” खोटं होतं ते. पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलमध्ये मी ‘मले’, ‘तुले’ म्हणाले की पोरी हसायच्या. मुद्दाम बोलायला लावायच्या आणि मग हसायच्या. पुण्याची मराठी जिभेवर बसेना आणि वऱ्हाडी तोंडातून काढायची चोरी झाली. इंग्रजीत निदान मी कुठली ते कुणाला कळत नव्हतं. त्या भीतीपोटी शिकले आणि त्याचीच पुढे प्राध्यापक झाले. तुझ्याशीसुद्धा मी दीड वर्ष पुस्तकी मराठीच बोलले. तुला ते कळत असणारच. तू कधी बोलली नाहीस.

गेल्या रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला आले होते. वंदना झाली, लोक तुझ्याबद्दल बोलले. जेवणं झाल्यावर तुझी प्रणाली मला आतल्या खोलीत घेऊन गेली. वाशीमला नर्स आहे ती, हे तुझ्याकडून शंभरदा ऐकलं होतं, पण भेट पहिलीच. तुझंच नाक, तुझीच ताठ पाठ. दार लोटून घेत तिनं विचारलं, “मॅडम, एक विचारू? आई इंग्रजी काहून शिकत होती? मी किती डाव विचारलं. तुमाले तरी सांगतलं असंन. तुमी तं तिचं सारं लिहून घेत होत्या.”

मी म्हटलं, “तुझ्या चुलतभावाच्या मुलीचा अभ्यास...”

“ती तं मराठी शाळेत हाय.”

ताई, आता हिला काय सांगू? गिऱ्हाइकांचं सांगू? मुन्शिपाल्टीचं सांगू? ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, डोळे भरलेले, काहीतरी मिळाल्याशिवाय तिथून हलणार नव्हती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तुझ्यासाठी. तुझ्यासाठी शिकत होती.” प्रणाली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मनात म्हणत राहिले, हे मी काय केलं? कदाचित खरंही असेल, असंही वाटत होतं. पण मला ते माहीत नव्हतं. ज्या बाईनं दीड वर्ष नोंदी केल्या, तिनं एका पोरीला तिच्या मेलेल्या आईच्या नावानं मनचं काहीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, पाय आपोआप बसस्थानकाकडे वळले. तुझी गाडी नव्हती, पण तुझी जागा कुणी घेतली नव्हती. शेजारी रशीदचाचा केळी लावत होते. रविवारी तुझी गाडी सांभाळायचे ते हेच. मी आधी डझनभर केळी घेतली. सवयच झाली होती. मग त्यांना सगळं सांगितलं, चार उत्तरांचं, तक्त्याचं, पुतण्याच्या पोरीचं. विचारलं, “चाचा, माझ्याशी त्या असं का वागल्या?”

चाचांनी हातातली केळ्यांची फणी खाली ठेवली. “तुमी सक्काळी याच्या ना, म्याडम?”

“हो.”

“आंदी सौदा घ्याच्या, मंग विचाराच्या?”

“हो. बोहनीशिवाय त्या बोलायच्याच नाहीत.”

“मंग हेच तं हाय. बोहनीचं गिऱ्हाईक खाली हात धाडत नसते, म्याडम. ते जे मांगन ते देऊन टाकाचं, घाटा आला तरी चालते. न्हाईतर दिवस खराब जाते. तुमी सक्काळी येऊन जवाब मांगे, पंचफुला जवाब दे.”

“म्हणजे खोटं सांगत होत्या?”

“खोटं काहून? माल तिच्याच गाडीवरचा होता. तुमाले कसा पायजे ते पाहून निवडून देल्ला, बस.”

मी केळी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. आजवर कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही चर्चासत्रात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि अकोल्याच्या फुटपाथवरच्या लहानथोर सगळ्यांना ते माहीत होतं. माझा हात चांगला होता तो एवढ्याचसाठी. मी दिवसाची पहिली नोट देणारी बाई. तू आधी माझ्या तोंडाकडे पाहायचीस ते याचसाठी, हिला कुठलं फळ हवंय? मऊ की कडक? आणि चौथ्या वेळी ‘हिंमत’ हा शब्द ऐकायला मी किती आसुसले होते, हे माझ्या तोंडावर लिहिलेलंच असणार.

तेव्हापासून माझं काही खरं नाही. तुझ्यावर रागवावं तर वाटतं, दर वेळी घाटा तर तूच सोसत होतीस. सकाळच्या घाईत अर्धा-अर्धा तास मला दिलास. माझ्यावर रागवावं तर तेही पुरं जमत नाही. मी गेल्यावर तू आणि चाचा माझ्यावर हसायचात का? हसला असाल तर हसा, पण मग तुझ्या हातचा तो डब्याच्या झाकणातला चहा? माझ्या आईचा गुडघा कसा आहे, हे दर वेळी विचारणं? तेही बोहनीच्या गिऱ्हाइकालाच होतं का? प्रबंधाचं जाऊ दे चुलीत. मला एवढंच कळायला हवं आहे, ताई, की मी तुझी कोण होते. गिऱ्हाईक, की आणखी कुणी?

मग आठवला पाचवा फॉर्म.

या उन्हाळ्यातली गोष्ट. गाईड म्हणाले होते, चार कारणं ठीक, पण मुख्य कारण एक निश्चित करून आणा. रविवारपर्यंत धीर नव्हता, म्हणून त्या शनिवारी पहाटेच निघाले, तर मूर्तिजापूरजवळ आमची एसटी बंद पडली आणि मी तुझ्यापाशी पोचले ती भर दुपारी, दोन वाजता. अकोल्याचं ऊन, गाडीवर आंबे, तुझ्या डोक्याला ओला दुपट्टा. बोहनी कधीचीच झालेली. मी काही घेतलंही नाही, सरळ फॉर्म काढला आणि चिडचिडत म्हटलं, “ताई, आज खरं सांगा. एकच कारण. मला द्यायचंय हे.”

तू आंब्यांवरची माशी हाकललीस. “नाही सांगत. जा.”

“असं काय करता? दीड वर्ष झालं.”

“मंग? तुह्या पुस्तकाले सारंच देऊ का व माय? येखांदं तं माह्यापाशी राहू दे.”

मी तरी चिकटून राहिले. अमुक असेल का, तमुक असेल का, म्हणून विचारत राहिले. तू वैतागलीस आणि माझ्या दंडाला धरून मला गाडीसमोरून ढकललंस. “बाजूले सरक, गिऱ्हाईक येऊन राह्यलं.”

मला ते फार लागलं. ‘तुह्या’ म्हणालीस ते लागलं, ढकललंस ते लागलं. चारचौघांत, एका प्राध्यापिकेला! मी तशीच निघाले, बसमध्ये बसून प्रश्न क्रमांक चौदासमोर ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलं आणि पुढे दोन महिने आले नाही. येणार होते, पण तुझ्याकडून काहीतरी यायला हवं, अशी वाट पाहत बसले. आली ती तायडे सरांच्या फोनवरून बातमी. ते दोन महिने मी आयुष्यभर कुठे ठेवू, तेवढं सांग.

हे सगळं आठवलं तसं मी केळ्यांची पिशवी घेऊन तुझ्या घरी गेले. प्रणाली संध्याकाळच्या गाडीनं वाशीमला निघणार होती, बॅग भरत होती. मी दारातच सांगून टाकलं, “प्रणाली, काल मी तुले खोटं बोलली. तुह्यासाठी शिकत होती का, मले नाही माहीत. मी विचारलं होतं. लय विचारलं. तं मले म्हणे, नाही सांगत, जा.” माझ्या तोंडून कितीतरी वर्षांनी ‘मले’ निघालं होतं आणि ते निघाल्यावर माझं मलाच कळलं.

मला वाटलं, ती चिडेल. ती घडी करता करता थांबली आणि तिच्या ओठांवर हसू आलं. “मलेबी असंच म्हणे. अगदी असंच.”

“अन् मंग मले हातानं ढकललं. म्हणे, बाजूले सरक, गिऱ्हाईक येऊन राह्यलं.”

आता ती खदखदून हसायला लागली. हसता हसता कॉटवर बसली. “शाळा सुटली का मी गाडीवर जाची ना, मॅडम, तिच्या मांगं मांगं करत, हे सांग, ते सांग. रोज ढकले मले. रोज हेच, बाजूले सरक, गिऱ्हाईक येऊन राह्यलं.” आणि मग हसूच रडू झालं. आम्ही दोघी कॉटवर बसून केळी खाल्ली. दुसरं काय करणार होतो?

प्रकरणाचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तक्ता फाडला आहे. चार फॉर्मवर ‘बोहनीच्या वेळी घेतलेली उत्तरं’ असं लिहिलंय, आणि याचा अर्थ गाईडना कसा समजावू, हा प्रश्नच आहे. पाचवा फॉर्म आहे तसा ठेवला आहे. गाईड नक्की विचारतील, दीड वर्षाच्या कामानंतर ही जागा कोरी कशी? ती बाई इंग्रजी शिकत होती तरी का?

ताई, मला ठाऊक नाही. पण ठाऊक असतं ना, तरी मी त्यांना म्हटलं असतं, नाही सांगत. जा.